उलट्या बाजूचं झाड

साखरेचे शंकू कोणी केवढे आणले, हे पाहायचं काम शामा अम्मतीनं, म्हणजे घरातल्या आत्यानं, स्वतःकडे घेतलं होतं. तिला ते कोणी दिलं नव्हतं. सी मफद्दलला जाऊन आज चाळीस दिवस झाले. कुराण पढणारे आले, पढले, कुसकुसच्या दोन पराती चाटूनपुसून, दुवा देऊन गेले. आता बैठकीच्या खोलीत बायकाच उरल्या होत्या, आणि त्यांनी आणलेली साखर निळ्या कागदात स्वयंपाकघराच्या फरशीवर ओळीनं उभी होती. शामा मयताची थोरली बहीण. ती स्टुलावर बसून एकेका शंकूवर बोट आपटून पाहत होती. तिचे गुडघे केव्हाच गेले, पण नजर अजून दिव्याशिवाय सुई ओवणारी.

मग तिच्या हाती एक शंकू आला, तो कागदावरून एका फडक्यातही गुंडाळलेला होता. पांढरं सुती कापड, त्यावर निळ्या रेशमाचं भरतकाम. शामानं फडकं सोडून मांडीवर पसरलं आणि तिचा हात तिथंच थबकला. मधोमध एक झाड भरलेलं होतं. एका बाजूला पाच फांद्या, दुसऱ्या बाजूला चार.

हे झाड तिला चांगलं ठाऊक होतं. तिच्या भावजयीची आजी, मालमा केन्झा, फेझमध्ये मुलींना भरतकाम शिकवायची. शिकणाऱ्या मुलींसाठी तिच्याकडे दुसरी फडकी होती. पण घरच्या लेकींसाठी तिनं स्वतःच्या हातानं नमुन्यांचा एक पट्टा भरला, सात ओळी, सात तऱ्हा. चौथ्या ओळीत झाडाची एक फांदी मोजणीत हुकली. पुढं घरातल्या प्रत्येक लेकीनं त्याच पट्ट्यावरून धागे मोजून उशा भरल्या, पलंगपोस भरले आणि ती चूकही इमानेइतबारे उचलली. पट्टा घराबाहेर जायचा नाही, परकीला दाखवायचा नाही, हा केन्झाचा नियम भावजयीनं, लल्ला तुरियानं, डोळ्यांत तेल घालून पाळला होता. मग हे लंगडं झाड साखरेवर बसून दारात आलं कुठून?

शामानं मान वाकडी करून बैठकीत डोकावून पाहिलं. साखर आणणारी दाराजवळ बसली होती. तिशी ओलांडलेली, अंगात टोपीवाला पायघोळ तपकिरी जल्लाबा, हाताची बोटं दोऱ्यानं घट्टे पडलेली. नाव यामना, सेफ्रूहून आले, एवढंच तिनं सांगितलं होतं आणि मग बसून रडली होती. चाळिसाव्याला शेजारणी रडतात तसं नव्हे. नाक लाल होईपर्यंत.

“अनस! इकडे ये. ती केटली ठेव खाली.”

अनस आला. सी मफद्दलचा थोरला, अडतीस वर्षांचा, रेशमी दोऱ्याच्या दुकानात आता बापाच्या जागी बसणारा.

“ती दारातली कोण रे?”

“कोण?”

“तेच विचारतेय. तुझ्या बापासाठी इतकं रडणारी बाई सेफ्रूत आहे, हे तुला ठाऊक होतं?”

अनसनं केटलीचं झाकण उघडलं, पुन्हा बसवलं.

“बोल, बोल. तू लहानपणी बदाम चोरायचास तेव्हाही असाच झाकणाशी खेळायचास.”

अनसला बोलावंच लागलं. दहा दिवस ही गोष्ट त्याच्या घशात अडकलेली होती. सेफ्रूत जल्लाब्याची बटणं हातानं गुंफणाऱ्या बायका घरोघर. सी मफद्दल दर गुरुवारी, तिथल्या बाजाराच्या दिवशी, त्यांना दोरा द्यायला जायचा. बापाच्या मागं अनस पहिल्यांदा गेला, तर चहावाल्यानं सहज विचारलं, तुम्हीही इज्जाकडे जाणार का चहाला? तुमच्या वडिलांचा तर एके काळी नेम होता, दर गुरुवारी तासभर. अनसनं पुढं काही विचारलं नाही. उत्तराची भीती वाटली.

“इज्जा म्हणजे?”

“बटणवाली. विधवा होती म्हणे.”

“आणि ही तिची पोर.” शामानं फडकं त्याच्यापुढं धरलं. “आता हे बघ. आणि तिचं नाक बघ. आमचं नाक आहे ते.”

“अम्मती, अर्ध्या फेझचं नाक तसंच आहे. उगाच सुतावरून स्वर्ग गाठू नका.”

“स्वर्ग कुठला? सेफ्रूच गाठतेय मी. बसनं पाऊण तास लागतो.”

अनसला हसू आलं नाही. निकाह नोंदवणारे दोन अदूल बसवून लग्न लावलेलं असेल, कागद असेल, तर ही पोर वारस. मग आईला काय तोंड दाखवायचं? नौफिसाला काय सांगायचं? खरं तर त्याला सगळ्यात जास्त राग आला होता तो बापाचा नाही, चहावाल्याचा.

“आईला कळता कामा नये,” तो म्हणाला.

“म्हणून तर तुला बोलावलं. हे फडकं माझ्या कपड्यांत जाऊ दे. तू तिला भाकरी-मांस बांधून दे, आणि बसस्टँडपर्यंत पोचवून ये.”

शामा आणि अनस सी मफद्दलला कुठल्या कबरस्तानात न्यायचं यावरून भांडले होते आणि त्या दिवसापासून बोलत नव्हते. त्यामुळं नौफिसा रिकामे पेले घेऊन आत आली, तेव्हा त्या दोघांची डोकी एकमेकांना लागलेली पाहून तिच्या मनात लगेच पाल चुकचुकली. हे दोघं एक झाले की घरात कोणाचं तरी वाटोळं होतं, हा तिचा लहानपणापासूनचा अनुभव होता.

“काय लपवताय?”

“काही नाही. साखर मोजतोय.”

“मांडीखाली?”

तिनं सरळ आत्याच्या मांडीखालून फडकं ओढलं. नौफिसा रबातला राहायची, जुन्या भरतकामाचा अभ्यास करायची. आईला या अभ्यासाचं नवल वाटायचं. पोरगी टाका घालत नाही, टाक्यावर पानंच्या पानं लिहिते. मोरोक्कोभरचे नमुन्यांचे पट्टे पाहून, कुठली मुलगी कुठल्या मालमेकडे शिकली, कुठला नमुना कुठून कुठं गेला, हे ती शोधत होती. तिनं फडक्याची कड उलटून दुमड पाहिली, पुन्हा सुलटं केलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

“हे आपलं झाड नाही.”

“नाही कसं? लंगडं आहे की!” शामा म्हणाली.

“आपल्या झाडाची उजवीकडची फांदी गेलीय. याची डावीकडची.”

“हात्तिच्या! डावी काय न् उजवी काय.”

पण नौफिसाला ते तसं सोडून देता येईना. दोन वर्षांपूर्वी रबातच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात तिनं असंच डावं लंगडं झाड पाहिलं होतं. दुकानदार म्हणाला, दीडशे वर्षांचं. तिनं आपल्या प्रबंधात त्यावर अकरा पानं लिहिली होती: की हे सेफ्रूचं मूळ झाड आणि केन्झानं ते तिथून उचलून फिरवून घेतलं. आईला तिनं हे अजून सांगितलं नव्हतं. आता दुसरा पुरावा मिळाल्याचा तिला आनंद व्हायला हवा होता. पण कापड नवं होतं, रेशीम त्यांच्याच दुकानातलं होतं आणि समोर भाऊ पांढराफटक पडला होता.

“हिला हे कोणी शिकवलं?” तिनं विचारलं.

अनसनं केटली पुन्हा उचलली.

“अनस, बाबांचा यात काय संबंध?”

“मी बाबांचं नाव तरी घेतलं का?”

“नाही घेतलंस, म्हणूनच विचारतेय.”

“कशाचा काय संबंध?”

लल्ला तुरिया दारात उभी होती. विधवेचे पांढरे कपडे, पांढरा रुमाल, पायात पांढरे मोजे. चार महिने दहा दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, तेव्हा चाळीस दिवस ती या खोलीतून त्या खोलीत फिरत होती आणि या घरात कुजबुज कुठल्या कोपऱ्यात होते हे तिला पाठ झालं होतं. दारातली बाई रडताना तिनंही पाहिली होती. तीही विचार करत होती. फक्त तिनं तो कोणाला बोलून दाखवला नव्हता, इतकंच.

“बाहेर सगळ्या गेल्या,” ती म्हणाली. “एकटी ती बसलीय. उठत नाही. मला भेटायचंय म्हणते. आणा ते इकडे.”

नौफिसानं फडकं दिलं. तुरियानं आधी नळाखाली हात धुतले, पुसले, मग ते टेबलावर पसरलं. फांद्या मोजल्या नाहीत. दुमडीवरून बोट फिरवलं, झाडावरून बोट फिरवलं. मग आतल्या खोलीत जाऊन पेटी उघडली आणि आजीचा पट्टा घेऊन आली. पेटीला कुलूप नव्हतंच. घरातल्या घरात कोण चोरणार?

फेझचा टाका दोन्हीकडून सारखा दिसतो, गाठ नाही, धाग्याचं टोक नाही. भरलेल्या रुमालाला निदान दुमड असते, त्यावरून सुलट बाजू कळते. पट्ट्याला दुमडही नव्हती. त्याची पाठ ओळखायची ती बोटानं: प्रत्येक ओळीचा पहिला टाका मागच्या बाजूनं केसभर जाड लागतो. डोळ्यांना दिसत नाही. तुरियानं पट्टा फडक्याशेजारी ठेवला, क्षणभर पाहिलं आणि पालथा केला. चौथ्या ओळीतल्या झाडाची डावी फांदी नाहीशी झाली.

“हे याच्यावरून भरलंय,” ती म्हणाली. “पालथ्या बाजूवरून.”

“म्हणजे?” अनसनं विचारलं.

“म्हणजे पट्टा या घरातून बाहेर गेला. आणि ज्यानं तो तिच्यापुढं मांडला त्याला सुलट-उलट कळत नव्हतं. आपल्या घरातली सात वर्षांची पोर अशी चूक करणार नाही. ते बोट सुईचं नव्हतं.”

“पुरुषाचं,” शामा म्हणाली. तिच्या आवाजात दुःखापेक्षा समाधान जास्त होतं.

अनसनं नकळत दोन्ही हात वर केले.

नौफिसा पट्ट्याकडे बघत राहिली होती. तिची अकरा पानं डोळ्यांसमोर फाटत होती, पण त्याहून जुनं काहीतरी तिला आठवलं. “आई, तू हा नेहमी गुंडाळून ठेवतेस ना? मी सहा वर्षांची असताना तुला हा एकदा घडी घातलेला सापडला. तू मला थोबाडीत मारली होतीस. मी किती वेळा सांगितलं, मी हात लावला नाही. तू ऐकलंच नाहीस.”

तुरियाला ती थोबाडीत आठवली. त्याच दिवशी नवऱ्यानं पोरीला उचलून खाली नेलं होतं आणि मधाची चेबाकिया खायला घातली होती. तेव्हा तिला वाटलं होतं, बापानं लाडावून ठेवलीय.

आता तिच्या मनात वेगळंच आलं. दुसरी बायको करतात माणसं. आमच्या गल्लीतच तिघांनी केल्या होत्या, बायका रडल्या, भांडल्या, राहिल्या. पण यानं माझ्या आजीच्या हातचं काम उचलून नेलं, आणि तिथं कुणाच्या तरी अंगणात पालथं टाकलं. एक्केचाळीस वर्षं संसार केला, आणि मी पांढरं घालून बसलेय ते कोणासाठी?

“चला,” पट्टा उचलून ती म्हणाली. “सगळेच चला. मला साक्षीदार हवेत.”

बैठकीत यामना उठून उभी राहिली. तिनं पुढं होऊन तुरियाच्या खांद्याचं चुंबन घेतलं, मग हाताचं घ्यायला वाकली. तुरियानं हात मागं घेतला.

“बस. तुझी आई बरी आहे?”

“गेली, लल्ला. तीन वर्षं झाली.”

“अल्लाह तिच्यावर रहम करो. माझा नवरा तिच्याकडे यायचा.”

“दर गुरुवारी, लल्ला. सलग दोन वर्षं. एक गुरुवार चुकवला नाही.”

अनसनं डोळे मिटून घेतले. शामा गुडघ्यांची तक्रार विसरून पुढं सरकली.

“काय करायचे तुमच्याकडे?” तुरियानं विचारलं.

“उंबऱ्यात बसायचे. दार सताड उघडं ठेवायला लावायचे, थंडीतसुद्धा, आई कुरकुरायची. ती आत बटणं गुंफायची, मी त्यांच्यासमोर. ते जल्लाब्याच्या टोपीतून पट्टा काढायचे, चटईवर पसरायचे आणि घड्याळ काढून शेजारी ठेवायचे. तासभर मी मोजायची, ते चहा प्यायचे. तास झाला की घडी घालून पुन्हा टोपीत. म्हणायचे, आटप पोरी, लल्लांनी एका तासासाठीच दिलाय, उशीर झाला तर मला रात्री उपाशी ठेवतील.”

“कोणत्या लल्लांनी?”

यामना गोंधळली. “तुम्ही. तुम्हीच तर पाठवत होता.”

अनसनं डोळे उघडले.

“मी नऊ वर्षांची होते तेव्हा ते मला घेऊन इथं आले होते, आठवतं तुम्हांला? म्हणाले होते, हिचा हात चांगला आहे, शिकव. तुम्ही दारातूनच नाही म्हणालात. मी बसमध्ये सेफ्रूपर्यंत रडत होते. पुढच्या गुरुवारी ते पट्टा घेऊन हजर! म्हणाले, लल्लांना रात्रभर झोप लागली नाही, त्यांनीच पाठवलाय. पण त्यांना चारचौघांत कळलेलं आवडत नाही, म्हणून कुठं बोलू नकोस आणि आभार मानायला तर मुळीच येऊ नकोस. ते होते तोवर मी आले नाही, लल्ला. आता ते नाहीत. तुमचे आभार कोणी मानायचे? माझ्याकडे अकरा मुली शिकतात. आम्ही त्याला लल्ला तुरियाचं झाड म्हणतो.”

नौफिसानं हळूच विचारलं, “तुमचं काम रबातला विकायला जातं का?”

“जातं, लल्ला नौफिसा. तिथले व्यापारी चहाच्या पाण्यात बुडवतात आणि उन्हात टाकतात. मग ते दीडशे वर्षांचं होतं.”

नौफिसानं कपाळावर हात मारला.

“बघ!” शामानं मोठा श्वास सोडला. “मी म्हणतच होते, माझा भाऊ—”

“लल्ला शामा, गप्प बसा.”

तुरिया हे इतक्या शांतपणे म्हणाली, की शामा खरंच गप्प बसली. तुरियाला वाटलं, आपणही गप्प बसावं. पोरगी आभार मानतेय, मानू द्यावेत, खांद्यावर हात ठेवावा, चहा द्यावा. नवऱ्यानं एवढं नीट रचून ठेवलंय, ते कशाला मोडा? शामाही तोंड उघडणार नाही, कारण त्यात तिचंही नाव निघतं. पण ती पोर ज्या नजरेनं बघत होती ती तिला सोसवेना.

“यामना, मी पट्टा पाठवला नव्हता.”

“लल्ला?”

“त्या दिवशी तू दारात उभी होतीस, तेव्हा ही माझी नणंद आत इथंच बसली होती. ती मला म्हणाली, आज पोर आलीय, उद्या पोरीची आई येईल. तेवढं मला पुरलं. मी तुझ्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही, तुझ्या तोंडात त्याचं तोंड शोधत होते. आणि दार लावलं. रात्री मला छान झोप लागली. दुसऱ्या रात्रीही. आजसुद्धा तू रडताना मी पुन्हा तुझ्या नाकाकडेच बघत होते.”

यामनाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. “मग ते दर गुरुवारी…”

“चोरून आणत होते. माझ्या पेटीतून.”

“आणि तुम्ही मला तेव्हा मनापासूनच नाही म्हणाला होता,” ती म्हणाली. “मी माझ्या मुलींना काय सांगू?”

“खरं सांग. की घरधन्यानं चोरला आणि त्याला अक्कल नव्हती म्हणून पालथा मांडला.” तुरियानं पट्टा बैठकीतल्या टेबलावर पालथा पसरला, तिचा हात धरला आणि तिचं बोट पट्ट्याच्या पहिल्या टाक्यावर टेकवलं. “इथं. जाड लागतं ना?”

यामनानं दोनदा बोट फिरवलं. “लागतं.”

“ही पाठ. तू पाठीवरून शिकलीस.”

“म्हणजे माझं सगळं उलटं झालं, लल्ला?”

“एकही टाका चुकलेला नाही. राहू दे तसंच. पोरींना उलगडायला लावू नकोस.”

यामनानं चहा घेतला नाही. ती गेली ती खाली मान घालून, आणि जाताना तिनं तुरियाच्या हाताचं चुंबन घेतलं की नाही, हे नंतर शामा आणि अनस यांच्यात बराच काळ वादाचं राहिलं. तिनं घेतलं नव्हतं.

दार लागल्याबरोबर अनस बैठकीवर आडवाच झाला. “अल्हम्दुलिल्लाह! काही नव्हतं, आई. ऐकलंस ना? दार सताड उघडं होतं. त्या चहावाल्याचं तोंड मी…”

“माझा भाऊ तसला नव्हताच,” शामा म्हणाली. तिला रडू येत होतं आणि या वेळी ते खरं होतं. “बिचारा. नुसतं फडकं न्यायचा. तुला सांगितलं असतं तर तू काय त्याला खाल्लं असतंस?”

तुरिया पट्टा गुंडाळत होती. अर्ध्यावर येऊन तिचे हात थांबले.

“आई, आता तरी रडू नकोस,” नौफिसा तिच्याजवळ येऊन म्हणाली. “बाबांनी दुसरी बायको केली नव्हती.”

“केली असती तर बरं झालं असतं,” तुरिया म्हणाली. “मग दोष त्याचा तरी असता.”